हरळीची वंशावळ

मिरजगावात शामकांत मास्तरांना लोक तोंडावर 'मास्तर' म्हणत आणि त्यांची पाठ फिरली की 'हरळी मास्तर'. हे नाव त्यांना चिकटून वीस-पंचवीस वर्षं झाली होती. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे, उलट थोडं बरंच वाटत असावं. वाईट वाटायचं ते त्यांच्या मुलीला, लीनाला. कारण मास्तरांची हरळी रोज सकाळ-संध्याकाळ मान मोडून वेचत होती ती लीना.

ही शेतातली हरळी नव्हे. शेतातल्या हरळीला कर्जत तालुक्यातला प्रत्येक कुणबी शिव्या घालतो. कुदळीनं खणा, बायका लावून तिच्या काशा, म्हणजे जमिनीखालची पांढरी गाठाळ मुळं वेचून काढा, ढीग करून जाळा, तरी बोटभर तुकडा मातीत राहिला की पुढच्या साली ही बया बांधावर हजर. मास्तरांची हरळी कागदावरची होती, आणि तीही परदेशातली. युरोपात हरळीची चुलतबहीण शोभेल असं एक गवत आहे, तितकंच चिवट आणि शेतकऱ्याचं तितकंच नावडतं. त्या गवताच्या नावाची वंशावळ लिहायची, हे मास्तरांचं जन्माचं काम होतं.

मास्तर कुलकर्ण्यांच्या घराण्यातले. आजा-पणजांनी गावच्या वंशावळी लिहिण्यात हयात घालवली. कोण कुणाचा मुलगा, कोणती शाखा निपुत्रिक वारली, कोण दत्तक गेला. मास्तरांनी तेच केलं, फक्त माणसांऐवजी शब्द घेतले. सगळ्यात वर मूळ पुरुष म्हणून एक फार जुना जर्मन कुळातला शब्द, 'क्विक्वझ'. अर्थ जिवंत. मरत नाही ते गवत, म्हणून त्याला जिवंत गवत म्हणायचं. मूळ पुरुषाच्या खाली मुलं. जर्मनीत 'क्वेके', हॉलंडात 'क्वीक', स्वीडनात 'क्विकरूट', इंग्लंडात 'क्विच'. या इंग्लंडातल्या क्विचनं गोकुळ मांडलेलं. एका परगण्यात 'ट्विच', दुसऱ्यात 'काउच', अमेरिकेला गेलेला एक 'क्वॅक'. हॉलंडच्या लोकांनी आपलं 'क्वीक' गलबतात घालून दक्षिण आफ्रिकेत नेलं आणि तिथं ते नाव दिलं थेट आपल्या हरळीला, अगदी याच गवताला. आणि मूळ पुरुषाच्या डोक्यावर तुटक रेघेनं जोडलेला एक थोरला भाऊबंद होता, आपला 'जीव'. हे सांगताना मास्तरांचा आवाज कातर होई. मिरजगावच्या बांधावरची हरळी कुठं नि जर्मनीतली क्वेके कुठं, पण नाव ठेवणाऱ्यांचं रक्त एक! ऐकणारा मान डोलवून काढता पाय घेई.

काम करायची पद्धत अशी होती. घरात आलेला प्रत्येक पाठकोरा कागद, मग तो लग्नाची पत्रिका असो, जाहिरात असो की सरकारी परिपत्रक, मास्तर कात्रीनं कापून त्याचे चार तुकडे करत. कोऱ्या बाजूला एक शब्द, त्याचा गाव, त्याचा काळ. जुनी पुस्तकं, बियाण्यांच्या विलायती याद्या, कुठल्याशा मिशनऱ्यांची मासिकं, जिथून मिळेल तिथून ते शब्द गोळा करत. असे तुकडे सुतळीनं बांधून गठ्ठे होत आणि क्रमानं लीनापुढे येत. लीनानं ते जाड पांढऱ्या कागदावर टाकानं, दौतीत बुडवून, वळणदार उतरवायचे. झरणी, म्हणजे शाईचं पेन, मास्तरांना चालत नसे, तिनं अक्षर मरतं म्हणत. आणि मेख पुढेच होती. झाडात एक नातू वाढला की शेजारच्या सगळ्या फांद्या सरकवाव्या लागत, म्हणजे झाड पुन्हा पहिल्यापासून काढायचं. लीनानं ते झाड बाराव्या वर्षापासून काढलं होतं. किती वेळा, ते तिनं मोजणं सोडून दिलं होतं.

या सगळ्याचं बी पडलं होतं नगरला. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सरकारनं हिंदुस्थानातले जर्मन पकडून नगरच्या छावणीत आणून ठेवले, आणि तरुण शामकांत तिथं कारकून म्हणून लागला. कैद्यांत फोग्ट नावाचे एक वनस्पतींचे जाणकार होते. छावणीच्या मैदानात मजूर हरळी खणताना पाहून ते तारेपलीकडून ओरडले, "क्वेके! क्वेके!" शामकांतनं विचारलं, हे काय? तिथून दीड वर्ष तारेच्या दोन बाजूंना दोघांची शिकवणी चालली. फोग्टसाहेब जर्मन शिकवत, शामकांत झाडांची मराठी नावं सांगे. पुढं कैदी दुसरीकडे हलवले, शामकांत मिरजगावच्या शाळेत मास्तर झाला आणि झाड सोबत घेऊन आला.

लीनाची आई अंबिका शहाणी बाई होती. तिनं नवऱ्याच्या झाडाला कधी नाव ठेवलं नाही, पण मुलीला मॅट्रिक करून नगरला शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला घातलं ते तिनंच, चार दिवस अन्न सोडून. "हिला स्वतःच्या पायावर उभी राहू दे," एवढंच म्हणाली. लीना शिकून परत आली आणि वर्षभरात अंबिका विषमज्वरानं आडवी झाली. एके दुपारी आतून आईचा आवाज आला, "लीना, पाणी दे गं." लीनानं टाक खाली ठेवला. मास्तर कागदावरून नजर न काढता म्हणाले, "ओळ संपव आधी. शाई वाळेल." ओळीत चार शब्द उरले होते. लीनानं ते लिहिले. ती पाणी घेऊन गेली तोवर आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं आणि ती प्यायला उठली नाही. खरं बोलायचं तर त्या पाण्यावाचून अंबिका गेली नाही, ती दोन दिवसांनी तापानं गेली. पण लीनाला ते चार शब्द पाठ झाले. डेन्मार्कमधली फांदी होती.

आई गेल्यावर घर, चूल आणि झाड तिन्ही लीनाच्या गळ्यात पडली. स्थळं आली तशी गेली. मास्तर प्रत्येकाला सांगत, "झाड पुरं होऊ दे, मग बघू." नोकरीचा विषय काढला तरी तेच. झाड पुरं झालं की. लीना सव्वीस वर्षांची झाली.

एकाहत्तर साली तिनं हट्टानं अर्ज केला, नगरला जाऊन मुलाखत दिली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तिचं अक्षर बघून भुवया उंचावल्या. "राजूरला मुलींच्या शाळेत जागा आहे, लांब आहे, डोंगरात. जाल?" लीना म्हणाली, "आज सांगितलंत तर आज." जूनमध्ये हुकूम येईल असं तिला कळलं. जून गेला, जुलै गेला. ती रोज पोस्टमन पुंजारामाची वाट बघे. तो येई, मास्तरांच्या हातात टपाल देई आणि जाई. नेमकी त्या वेळी ती आडावर असे. पोहऱ्याला चार हात दोर जास्त लागायला लागला होता, त्यामुळे वेळही जास्त जाई. दिवाळीनंतर तिनं आशा सोडली. आपल्यापेक्षा कुणी हुशार असेल, असं मनाला सांगितलं.

बहात्तरच्या फेब्रुवारीत एका सकाळी मास्तरांनी नवा गठ्ठा पुढं सरकवला. स्वीडनची फांदी होती. लीनानं पहिला तुकडा घेतला, 'क्विकरूट', कुठल्याशा प्रांताचं नाव, साल. उतरवला. दुसरा घेतला. तो जरा जाड होता, उजेडात मागची टंकलेली अक्षरं उमटून दिसत होती. तिनं सहज उलटा केला. मागं लिहिलं होतं, 'कु. लीना शामकांत' आणि तिथंच कात्री फिरली होती. तिनं गठ्ठा सोडला. तिसऱ्या तुकड्याच्या पाठीवर 'राजूर येथील' होतं, चौथ्यावर 'तारखेच्या आत रुजू न झाल्यास नेमणूक रद्द'. पाचव्यावर सही-शिक्का. हे चार तुकडे तिनं चटईवर जुळवले. नीट जुळले. मास्तर कात्री फार सरळ चालवत.

"नाना, हे काय आहे?"

मास्तरांनी वाकून बघितलं. तेव्हा त्यांना अजून दिसत होतं. "पाठकोरा होता," ते म्हणाले.

"माझा हुकूम होता हा."

"राजूर कुठं आणि मिरजगाव कुठं. तिथं एकटी पोर काय करणार? आणि स्वीडनचं निघालं होतं त्या वेळी. हातातलं टाकून जाणार होतीस का?" ते इतक्या साधेपणानं बोलले की लीनाला रडूही आलं नाही. "बघ बरं, तो दुसरा तुकडा कुठं गेला. क्रम चुकेल."

त्या क्षणी लीनाला आपल्या बापाचा द्वेष वाटला. हे लिहायला बरं नाही वाटत, पण तिला वाटला, आणि तो पुढं कमी झाला नाही.

दोन दिवसांनी ती शाई आणण्याच्या निमित्तानं एस.टी.नं नगरला गेली. कचेरीतल्या कारकुनानं कपाळाला हात लावला. "बाई, ती जागा ऑगस्टातच भरली. आता यादी संपलीय, पुन्हा अर्ज करा." परतीच्या गाडीला तीन तास होते. तिच्या पिशवीत झाडाची पहिली वही होती, सुरुवातीची उतरवलेली पानं शिवून केलेली. ती मुद्दाम आणली होती. नगरला एक जर्मन पाद्री राहतो हे तिनं ऐकलं होतं. त्याला विचारायचं होतं, हे झाड अजून किती उरलंय? दहा वर्षं? वीस? तिला जर्मन येत नव्हतं. मास्तरांनी कधी शिकवलं नाही. ती रांगोळी काढावी तशी अक्षरं काढत आली होती.

पाद्री म्हातारा होता, अंगानं आडवा, आणि लढाईनंतरची पंचवीस वर्षं खेड्यापाड्यात काढल्यामुळं त्याचं मराठी थेट मळ्यातलं होतं. त्यानं वही चाळली. "लई झ्याक अक्षर हाय पोरी. हे सगळं तू लिवलंस?" मग एका पानावर थांबला. ते पान लीनाला आठवत होतं. ती पंधरा वर्षांची असताना मास्तरांनी एक जुनं, घडीवर फाटत चाललेलं पत्र तिच्यापुढं ठेवलं होतं. जुन्या जर्मन लपेटी लिपीतलं, नुसते काटेच काटे. त्यात खेड्यातल्या नावांची यादी आहे, जपून उतर, असं ते म्हणाले होते. तिनं आठ दिवस खपून काट्याला काटा उतरवला होता.

"हे फोग्ट कोन?" पाद्र्यानं विचारलं.

"माझ्या वडिलांचे स्नेही. काय लिहिलंय?"

पाद्र्यानं चष्मा पुसला. "एक्कावन्न सालचं पत्र हाय. लिवलंय, की दोस्ता, तुझं झाड पाहिलं. पन हे झाड आमच्याकडच्या पंडितांनी शंभर वर्सांमागंच पुरं केलंय. कुठल्याबी मोठ्या शब्दकोशात ते एका पानावर सापडंल, त्या पानाची नक्कल सोबत धाडतो. तुझा तो जीवसुदिक हाय त्यात. आता तुझ्या-माझ्या हातानं त्यात भर पडायची न्हाई. तुझी लेक आता शाळेत जायच्या वयाची झाली आसंल, तिला चांगलं शिकव. झाड सोड." त्यानं वर पाहिलं. "खाली नावांची यादीबी हाय. पोरी, तू बस जरा. पानी आनू का?"

लीना म्हणाली, नको. गाडीत बसल्यावर तिनं हिशेब लावला नाही, विचारही फार केला नाही. तेवढंच डोक्यात फिरत राहिलं, की हे पत्र आपणच उतरवलं होतं. आपली सुटका आपल्याच हातानं, आठ दिवस, मान मोडून. आणि आपल्याला ती वाचता आली नव्हती.

घरी येऊन ती काही बोलली नाही. शाईची बाटली ठेवली, चूल पेटवली. तिला आता भांडायचं नव्हतं. भांडून मास्तर हरत नसत, ते फक्त पुढचा तुकडा सरकवत. तिनं नवा अर्ज केला आणि पत्ता घातला शेजारच्या गोजरबाईचा.

गोजरबाई एकटी, विधवा. खुरपणीला, काशा वेचायला जाऊन पोट भरणारी, दावणीला एक म्हैस. बहात्तरचा पावसाळा कोरडा जायला लागला तेव्हा गावोगावच्या बायकांनी तेच केलं जे तिनं केलं. बांध खणून हरळीच्या काशा काढल्या, माती झटकली आणि जनावरांना घातल्या. ज्या हरळीला जन्मभर शिव्या दिल्या तिच्यावर गुरं चार महिने जगली. मग बांधातल्याही संपल्या. गावात हिरवा असा एकच तुकडा उरला, मास्तरांच्या अंगणातला हरळीचा वाफा. नमुन्याचा होता तो. गावाला पाणी टँकरनं येत होतं, माणशी दोन घागरी, आणि त्यातला रोज एक तांब्या लीनाकडून त्या वाफ्याला घातला जाई.

गोजरबाई दारात येऊन उभी राहिली. "मास्तर, तेवढा वाफा खनून द्या मला. म्हस दोन दीस उपाशी हाय. परतीचा पाऊस पडंस्तोवर तरी निगंल."

"तो वाफा अभ्यासाचा आहे, गोजरबाई."

"हरळीच हाय न्हवं? मेली तरी परत येती की. म्हस यायची न्हाई परत."

मास्तर म्हणाले, "समजत नाही तुम्हाला," आणि आत गेले. म्हैस आठवड्यानं गेली. गोजरबाईनं मास्तरांना शिवी दिली नाही, फक्त त्यानंतर ती त्यांना नावानं किंवा 'मास्तर' म्हणूनही हाक मारीनाशी झाली. लीनाशी मात्र बोलत राहिली. त्या दोघींचं आता एक झालं होतं.

त्याच सुमारास मास्तरांचे डोळे गेले. मोतीबिंदू पिकला, ऑपरेशनला ते तयार होईनात. महिनाभर पडून राहायचं म्हणजे झाडाचं काय? ऑक्टोबरपर्यंत त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळायला लागलं. आता ते आठवणीतून सांगत आणि लीना लिही. पहिल्याच दिवशी सांगता सांगता त्यांचा चेहरा तिच्याकडे वळला आणि तिच्या लक्षात आलं, की नजर तिच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर आहे.

लीनानं टाक दौतीत बुडवला नाही. कोरडाच कागदावर ओढला.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

कुर्रकुर्र आवाज होत होता. मास्तरांनी पुढचा शब्द सांगितला. तिनं तोही कोरडाच ओढला. असे आठ महिने. रोज सकाळ-संध्याकाळ चटईवर बसायचं, कोऱ्या कागदावर कोरडा टाक फिरवायचा, पान भरलं म्हणून सांगायचं, थप्पीवर ठेवायचं. संध्याकाळी मास्तर थप्पीवरून हात फिरवत, तिची उंची बोटांनी बघत आणि समाधानानं म्हणत, "येतंय आता पूर्ण होत." लीनाला त्या वेळी सुख होई. क्रूर, निव्वळ सुख. तिला त्याची लाजही वाटत नसे. वाचलेल्या शाईतून ती आपले अर्ज लिही.

त्र्याहत्तरच्या जूनमध्ये पुंजारामानं गोजरबाईच्या दारात लिफाफा टाकला. पुन्हा राजूर. पंधरा तारखेच्या आत. लीनानं तो हुकूम घडी करून चोळीत ठेवला आणि तीन दिवस तिथून काढला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी ट्रंक भरून दाराशी ठेवली. गोजरबाई बाहेर अंगणात उभी होती, ट्रंक स्टँडवर न्यायला. मास्तर चटईवर बसले होते. "ये, बस लवकर. आफ्रिकेतली फांदी घेऊ."

"नाना, मी निघालेय. राजूरला, शाळेत रुजू व्हायला."

मास्तरांनी थप्पीवर हात ठेवला. मग म्हणाले, "जेवणाचं?"

"गोजरबाई दोन वेळा भाकरी आणून देतील. ठरलंय."

"आणि झाड?"

हे वाक्य लीनानं आठ महिने जपून ठेवलं होतं. "झाड नाहीये," ती म्हणाली. "ऑक्टोबरपासून मी एक अक्षर लिहिलेलं नाही. टाक कोरडा होता. ही अख्खी थप्पी कोरी आहे."

ती त्यांचा चेहरा पडण्याची वाट बघत होती. तो पडला नाही.

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "ओला टाक सरकतो, कोरडा खरवडतो. तीस वर्षं पोरांचं शुद्धलेखन ऐकलंय मी. पहिल्या दिवशीच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर उठली असतीस."

"आणि फोग्टसाहेबांचं पत्र? नगरच्या पाद्र्यानं वाचून दाखवलं मला. एक्कावन्न सालीच सगळं संपलं होतं."

आता मात्र मास्तर हलले. "मग काय करणार होतो मी?" त्यांचा आवाज चढला. "उरलेला जन्म पोरांना पाढे शिकवत? या गावात? मला दुसरं काही नव्हतं, लीना."

"ते तुमचं. मला का बसवलंत त्यात?"

मास्तरांनी खरंच आठवून बघितलं असावं. मग म्हणाले, "अक्षर चांगलं होतं तुझं."

बाहेर लांबवर गाडीचा भोंगा ऐकू आला. गाडी मिरजगावला दहा मिनिटं थांबे. लीनानं ट्रंकेकडे बघितलं आणि ती परत येऊन चटईवर बसली. मास्तरांचे खांदे सैल झाले. त्यांना वाटलं, राहिली. ते आफ्रिकेतला शब्द सांगायला लागले आणि मधेच थांबले, कारण दौतीचं झाकण निघाल्याचा आवाज आला होता. मग टाक बुडाला, दौतीच्या काठाला निथळला आणि कागदावर बिनआवाजाचा सरकायला लागला.

"काय लिहितेस?"

"झाड. पाठच आहे मला. मूळ पुरुष क्विक्वझ. भाऊबंद जीव. खाली क्वेके, क्वीक, क्विकरूट, क्विच. क्विचची मुलं ट्विच, काउच, क्वॅक. आफ्रिकेतला क्वीक, तो हरळीच्या घरी दत्तक. एका पानात बसतंय, नाना. फोग्टसाहेब खरं सांगत होते."

"फिनलंडकडचं बघायचं राहिलंय अजून," मास्तर घाईनं म्हणाले. "ते आल्याशिवाय पुरं नाही म्हणता यायचं. लीना, खाली रेघ मारू नकोस."

"मारली."

"फाड तो कागद. ऐक माझं. जा तू राजूरला, पण ते तसंच अर्धं राहू दे. मी सांगेन कुणाला तरी, येईल कुणीतरी लिहायला. पुरं करू नकोस." ते हात पुढं करून चाचपायला लागले. लीनानं कागद बाजूला, त्यांच्या हाताबाहेर सरकवला. त्यांच्या ओठांना कोरड पडली होती, शब्द नीट फुटेना. "पाणी," ते म्हणाले. "पाणी दे जरा."

"ओळ संपवते आधी," लीना म्हणाली. "शाई वाळेल."

मास्तरांचा हात हवेतच थांबला. त्यांना आठवलं की नाही, कोण जाणे. लीनानं पहिलीच्या मुलाला शुद्धलेखन घालावं तसं एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत लिहिलं. स, मा, प्त. मग टाक पुसला, दौतीला झाकण लावलं, कागद मास्तरांच्या मांडीवर ठेवला आणि उठली.

दारात येऊन तिनं ट्रंक स्वतःच उचलली. "गोजरबाई, ट्रंक राहू द्या, मी नेते. आत नानांना पाणी हवंय, तेवढं द्या. आणि हा वाफा आता तुमचा, हवा तेव्हा खणून न्या."

"व्हय," गोजरबाई म्हणाली. आतून पुन्हा एकदा पाण्यासाठी हाक आली. गोजरबाईनं भिंतीशी टेकवलेली कुदळ आधी उचलली.